बांगलादेशचे बॉन्डेड गोदाम आणि इचलकरंजीचे खर्चीवाले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बांगलादेशच्या तयार कपड्यांचा विषय निघाला की ‘तिथे मजूर स्वस्त’ एवढे म्हणून मोकळे व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हाही चर्चेचा सूर हाच होता. तिकडची १२ टक्क्यांपर्यंतची जकात उठली की आपला शर्ट बांगलादेशच्या शर्टाच्या बरोबरीला येणार, असे म्हटले गेले. मजूर तर तिथे १९७८ सालीही स्वस्तच होते. त्या वर्षी पॅरिसला १० हजार शर्ट गेले, ही तिथे मोठी बातमी झाली होती. २०२४-२५ मध्ये त्यांची तयार कपड्यांची निर्यात ३९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. कापूस घरचा, सूत घरचे, माग घरचे, आणि तरी आपली निर्यात १६ अब्जांच्या आसपास. मधल्या काळात तिथे नेमके काय बदलले, ते नीट पाहिले तर मजुरीपेक्षा कच्च्या मालाच्या जकातीचे आणि बँकेचे कागद जास्त बोलके आहेत.

सुरुवात झाली ती श्रीमंत देशांच्या कोट्यांमुळे. १९७४च्या मल्टिफायबर कराराने अमेरिका आणि युरोपने कपड्यांच्या आयातीवर देशवार, वस्तूवार मर्यादा घातल्या. कोरियाचा कोटा भरत आला. देवू कंपनीकडे गिऱ्हाईक होते, पण कोरियाच्या नावावर माल पाठवायला जागा नव्हती. बांगलादेशला कोटाच लागलेला नव्हता, कारण तिथून कपडे जातच नव्हते. म्हणून १९७८ मध्ये देवूने चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला, १३० जणांना सहा महिने बुसानच्या कारखान्यात शिकवले आणि रॉयल्टी व कमिशन मिळून विक्रीचे ८ टक्के घ्यायचे ठरवले. १९८० मध्ये, पहिल्या वर्षी, ४३ हजार शर्ट निघाले. १९८७ मध्ये २३ लाख. तोवर त्या १३० पैकी ११५ जण ‘देश गारमेंट्स’ कंपनी सोडून दुसरीकडे गेले होते. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. अमेरिकेने १९८५ मध्ये बांगलादेशलाही कोटा लावला, पण तेव्हा तिथे सातशेच्या आसपास कारखाने झालेले होते. ज्या भिंतीने कोरियाला अडवले, तिनेच बांगलादेशला उद्योग दिला.

शिवण शिकून आलेली माणसे फुटली आणि उद्योग पसरला, एवढे सगळे सांगतात. कोरियाची वाट गिरवत तिथे दोन कागदी व्यवस्थाही रुजल्या, त्यांच्याकडे कोणी फारसे बघत नाही.

पहिली व्यवस्था बॉन्डची, म्हणजे जकात न भरता हमीपत्रावर माल ठेवण्याची. कारखान्याच्या आवारातच सीमाशुल्क खात्याच्या परवान्याचे गोदाम असते. आयात कापड जकात न भरता तिथे उतरते. किती मीटर आले, कोणत्या ऑर्डरला किती कापले, चिंध्या किती निघाल्या, शिल्लक किती, हे सगळे पासबुकात चढते. शर्ट जहाजावर गेला की तेवढ्या कापडाची जबाबदारी अंगावरून उतरते. एका ऑर्डरला किती कापड लागेल याचा दाखला, युटिलायझेशन डिक्लरेशन, तिथली निर्यातदारांची संघटनाच देते. दर खेपेला सरकारी टेबलासमोर उभे राहावे लागत नाही.

दुसरी व्यवस्था बॅक-टू-बॅक एलसीची. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेली पैशाची हमी. एक हिशेब मांडतो, म्हणजे तिचा जोर कळेल. समजा ५० हजार शर्टांची ऑर्डर आहे, शर्टाला ६ डॉलर, म्हणजे एकूण ३ लाख डॉलर. ५८ इंच पन्ह्याचे कापड शर्टाला साधारण १.६ मीटर लागते. ५० हजार शर्टांना ८० हजार मीटर, वर ३ टक्के घट धरली तर ८२,४०० मीटर. मीटरला २ डॉलरने १,६४,८०० डॉलर झाले. बटणे, कॉलरचे अस्तर, लेबले, दोरा, पिशव्या यांचे शर्टाला ४५ सेंट, म्हणजे २२,५०० डॉलर. ऑर्डरच्या किमतीचा ६२ टक्के भाग नुसत्या मालातच गेला. ढाक्याचा कारखानदार गिऱ्हाइकाची मूळ एलसी बँकेत ठेवतो आणि तिच्याच जोरावर बँक कापडवाल्याच्या नावाने दुसरी एलसी उघडते. तिची मुदत ९० ते १८० दिवसांची असते. कापड महिन्याभरात येते, पुढच्या महिन्यात शिवून होते, माल जातो, गिऱ्हाइकाचे पैसे येतात. त्यातले १,८७,३०० डॉलर बँक परस्पर कापडवाल्याला व बटणवाल्याला देते आणि उरलेले १,१२,७०० कारखान्याच्या खात्यावर येतात. कारखानदाराने खिशातून घातले ते फक्त दोन-अडीच महिन्यांचे पगार आणि वीज. शिवणयंत्रांपुरते भांडवल जमवलेला माणूस असा तीन लाख डॉलरची ऑर्डर पेलतो.

याच ऑर्डरच्या कापडावर २० टक्के जकात आधी भरायची आणि नंतर परत मागायची अशी रीत असती तर ३२,९६० डॉलर अडकले असते. नफा ५ टक्के धरला तर सगळी ऑर्डर करून सुटणार १५ हजार. तीन महिन्यांचे व्याज तसे फार नाही, हजाराच्या आतच आहे. अडचण वेगळी आहे : नफ्याच्या दुपटीहून जास्त रक्कम आणायची कुठून? आणि परतावा सरासरी दराने मिळाला तर तो भरलेल्या जकातीइतका नसतोच. खऱ्या आकड्याने हवा असेल तर ब्रँड रेटसाठी अर्ज, पुरावे, फेऱ्या.

बंदराचे कारण सांगितले जाते, तेही टिकत नाही. चितगावला साडेनऊ-दहा मीटरपेक्षा खोल बसणारे जहाज येत नाही, म्हणून तिथला माल लहान बोटींनी कोलंबो किंवा सिंगापूरला नेऊन मोठ्या जहाजावर चढवावा लागतो. न्हावा-शेव्याला ही अडचण नाही.

या व्यवस्थेत बिघाड होत नाहीत असेही नाही. बॉन्डमध्ये आलेले बिनजकातीचे कापड जुन्या ढाक्यातल्या इस्लामपूरच्या बाजारात उतरते, हे तिथले उघड गुपित आहे. शर्टाला १.६ मीटर लागत असताना १.८ दाखवले की ५० हजार शर्टांमागे १० हजार मीटर मोकळे होते. त्याचा फटका बसतो तो जकातीच्या आडोशाने देशी बाजारासाठी विणणाऱ्या तिथल्याच गिरण्यांना. दुसरा बिघाड जास्त खोलवरचा आहे. बॉन्डची सोय मुख्यतः कपड्यांना आणि पूर्ण माल निर्यात करणाऱ्यांनाच सहज मिळाली. चपला, प्लास्टिक, सायकली बनवणारा, अर्धा माल देशात आणि अर्धा बाहेर विकणारा कारखानदार जड आयातशुल्काच्या भिंतीआडच राहिला. म्हणून आजही त्यांच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या कपड्यांचा आहे. आणि २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत, तिथले ११३४ मृत्यू, हेही याच हिशेबात धरायला हवेत. (अमेरिकेने त्यानंतर बांगलादेशची जीएसपी, म्हणजे गरीब देशांच्या मालाला जकातीत मिळणारी, सवलत काढून घेतली. त्या सवलतीत कपडे मुळात नव्हतेच, त्यामुळे शिक्षा झाली ती भलत्यांनाच.)

आता आपल्याकडे. बांगलादेशात १९८० साली साखळीच्या वरच्या टोकाला जपण्यासारखे काही नव्हते; मोठा कापूस नाही, कृत्रिम धाग्याचा कारखानदार नाही. त्यामुळे कच्चा माल मोकळा सोडायला विरोध करणारे कोणी नव्हते. आपल्याकडे साखळीतल्या प्रत्येक कडीला वाली आहे आणि प्रत्येकाने आपापली भिंत बांधून घेतली आहे. उलट जिथे माणसे सर्वांत जास्त लागतात ती शिवणाची कडी आपण लघुउद्योगासाठी राखीव ठेवली. २०००च्या वस्त्रधोरणाने ते आरक्षण उठवायला सुरुवात केली आणि होजिअरीची सुटका व्हायला २००५ उजाडले. ज्या काळात कोट्यांच्या आडोशाने कारखाने मोठे करायचे, त्या काळात आपण त्यांना लहान राहण्याचे बक्षीस देत होतो.

आपल्याकडे योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. ॲडव्हान्स ऑथोरायझेशन या निर्यातदाराच्या परवान्यावर बिनजकातीचा माल आणता येतो; १५ टक्के मूल्यवर्धन दाखवायचे आणि १८ महिन्यांत निर्यात करायची. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ६५ खाली २०१९ पासून बॉन्डमध्ये उत्पादनही करता येते. त्यात निर्यातीचे बंधन नाही, यंत्रांवरचीही जकात पुढे ढकलली जाते, फक्त जकातीच्या तिप्पट रकमेचा बॉन्ड (हमीपत्र) लिहून द्यायचा. कागदावर हे बांगलादेशापेक्षा उदार आहे. खोट अशी की या सगळ्या सवलती निर्यातदाराच्या दारापाशी थांबतात. आपल्याकडे शर्ट एका छताखाली होत नाही. सूत गिरणीत, ताण्याला खळ सायझिंगमध्ये, विणणे मागावर, रंगाई प्रोसेसवर आणि शिवण भलत्याच गावात.

इचलकरंजीचेच घ्या. तिथे ‘खर्चीवाले’ म्हणतात ते यंत्रमागधारक सूत स्वतः घेत नाहीत. व्यापारी बिम (ताणा गुंडाळलेला रूळ) देतो, हे कापड विणून देतात, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते. कापड पुढे कुठे जाते, बेंगळुरूच्या निर्यातदाराकडे की दिल्लीच्या बाजारात, हे त्यांना कळायचा मार्गच नाही. जो स्वतःचे सूत घेऊन विणतो त्याची गत थोडी बरी, पण तोही देशी सूत घेतो ते आयात पडतळीच्या भावाने, म्हणजे जगाचा भाव अधिक जकात अधिक वाहतूक. त्याने सीमाशुल्काला एक रुपया भरलेला नसतो, तरी जकात त्याच्या मीटरमध्ये बसलेली असते. त्याच्या कापडाचा शर्ट निर्यात झाला तरी ती त्याला कोणी परत देत नाही. निर्यातीसाठी ०.१ टक्का जीएसटीने माल देण्याची सोय आहे. ती त्याच मालाची ९० दिवसांत निर्यात होणार असेल तर, आणि शिपिंग बिलावर (निर्यातीच्या सीमाशुल्क कागदावर) पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक असेल तर. कापडाचा शर्ट झाला की ती सोय संपली. ईपीसीजी या निर्यातीच्या अटीवर बिनजकातीची यंत्रे आणण्याच्या योजनेतून नवा माग आणायचा तर वाचलेल्या जकातीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवायची. तिसऱ्याच्या मार्फत निर्यात धरायची तर शिपिंग बिलावर त्याचेही नाव हवे आणि व्यापारी आपला पुरवठादार कोण हे कागदावर आणायला नाखूश.

पैशाचे तेच. पेमेंट धारा (पैसे द्यायची मुदत) ३० दिवसांची ठरते, पैसे येतात ६०-९० दिवसांनी. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा होणार नाही, अशी आयकराची तरतूद २०२३-२४ पासून आली आहे. हेतू चांगला. पण ती देणेकऱ्याला दंड करते, विणकराच्या हातात खेळते भांडवल देत नाही. बॅक-टू-बॅक एलसी नेमके ते देते. कोरियाने १९६०च्या दशकातच हे ओळखले होते. तिथे निर्यातदाराच्या मूळ एलसीवर देशातल्या सूतवाल्याच्या, कापडवाल्याच्या नावाने स्थानिक एलसी निघे, आणि ती हातात असलेल्याला स्वस्त कर्ज आणि बिनजकातीचा कच्चा माल मिळे, जणू तोच निर्यातदार. घटही सढळ धरलेली असे. उरलेला बिनजकातीचा माल देशी बाजारात विकून चार पैसे सुटत आणि सरकार त्याकडे काणाडोळा करी. आपल्या परकीय व्यापार धोरणातही देशांतर्गत बॅक-टू-बॅक एलसीचा उल्लेख आहे. धोरणात उल्लेख असणे आणि गावातल्या बँकेच्या शाखेने ती उघडून देणे, यात बरेच अंतर आहे.

वरच्या कडीला दिलेले संरक्षण खाली कसे झिरपते, त्यासाठी व्हिस्कोसचे उदाहरण पुरे आहे. चीन आणि इंडोनेशियाच्या व्हिस्कोस तंतूवरचे अँटी-डंपिंग शुल्क (पडत्या भावाच्या आयातीवरची जादा जकात) ऑगस्ट २०२१ मध्ये संपले, तेव्हा विणकरांनी सुटकेचा श्वास सोडला. मार्च २०२३ पासून त्याच तंतूवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. परदेशी कारखान्याला बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना लागे, त्यासाठी तिथे जाऊन तपासणी व्हावी लागे आणि ती वेळेवर झाली नाही तर माल येत नसे; तो आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतला गेला. शुल्क निदान मोजता येते. परवान्याची वाट पाहण्याचा दर कोणत्याच तक्त्यात नसतो. पीटीए या पॉलिएस्टरच्या मूळ रसायनाचेही तसेच. २०२०च्या अर्थसंकल्पात त्यावरचे अँटी-डंपिंग शुल्क काढले, नंतर गुणवत्ता आदेश आला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा चौदा आदेशांबरोबर तो मागे घेतला गेला. निर्यातदारांना ॲडव्हान्स ऑथोरायझेशनखाली यातून सूट होती, पण पुन्हा, ज्याच्या नावे ऑथोरायझेशन त्यालाच. खाली विणकराला ना सूट, ना स्वस्त धागा. जीएसटीचा उलटा जिनाही असाच होता : कृत्रिम तंतूवर १८, सुतावर १२, कापडावर ५. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ५ वर आला, हे मात्र मनापासून मान्य करायला हवे.

कापसाच्या बाबतीत मात्र सरकारचा निर्णय चुकला, असे स्पष्ट म्हणतो. आयात कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून, २०२२ मधले काही महिने सोडले तर, ११ टक्के जकात होती. ती १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाली आणि माफी ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या दिवसांत. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० होता, पण खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या अटीत न बसणारा कापूस व्यापाऱ्याकडेच जातो. कारण दिले गेले निर्यातदारांना दिलासा देण्याचे. पण निर्यातदाराला ॲडव्हान्स ऑथोरायझेशनवर कापूस आधीही बिनजकातीचाच मिळत होता. ही सोय साखळीच्या शेवटच्या मागापर्यंत पोहोचलेली असती तर सरसकट माफीची गरजच उरली नसती. देशी बाजारासाठी जकात कायम आणि निर्यातीच्या मीटरला मोकळीक, दोन्ही जमले असते. शेतकरी आणि विणकर यांना समोरासमोर उभे करायचे कारण नव्हते.

कागद सुधारले की साध्या मागाचे कापड लगेच निर्यातीला चालेल, असे मात्र मी म्हणत नाही. परदेशी गिऱ्हाईक कापड फोर पॉइंट पद्धतीने तपासते : ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. तुटलेला धागा न सांधता माग हातभर पुढे गेला की एका फटक्यात ४ गुण गेले. १०० चौरस वारांत ४० च्या वर गेलात तर ताका परत, आणि चोखंदळ गिऱ्हाईक २०-२८ वरच थांबते. हे गणित एअरजेट, रॅपिअर अशा बिनशटलच्या आधुनिक मागांवर जमते, जुन्या शटलच्या मागावर क्वचित. पण नवा माग घ्यायला बँक कर्ज देते ते हातातल्या ऑर्डरकडे बघून, आणि खर्चीवाल्याच्या हातात ऑर्डरचा कागदच नसतो.

म्हणून सुचवणे एवढेच आहे. बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ रोजी अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडेल, असे संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवले आहे. तिथले कारखानदार ती तारीख पुढे ढकलण्याच्या मागे आहेत. युरोप त्यांना आणखी तीन वर्षे जुनीच सवलत देणार आहे. त्यानंतर चिनी कापडाचा शर्ट शिवून बिनजकातीचा पाठवता येणार नाही. सवलत हवी तर कापडही तिथेच विणलेले लागेल. निटवेअरमध्ये (होजिअरीच्या कपड्यांत) त्यांची तयारी चांगली आहे, मागावरच्या कापडात कमी. आपल्या मागांना कोणती फट मिळायची असेल तर ती इथे आहे.

तिच्यासाठी इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी इथे प्रत्येकी एक सामाईक बॉन्डेड गोदाम हवे, कारण २४ मागांच्या शेडला स्वतःचा बॉन्ड परवडत नाही. खर्चीवाल्याच्या नावाने एलसी निघू शकत नाही, तो कापड विकतच नाही. ती यंत्रमाग सहकारी संस्थेच्या नावाने निघावी, सूत संस्थेने घ्यावे आणि मजुरी एलसीतून थेट सभासदाच्या खात्यावर जावी. आपल्याकडच्या विणकरांची खाती बहुतेक सहकारी बँकांत आहेत, ज्यांतल्या बहुतेकांना परकीय चलनाचे व्यवहार करता येत नाहीत. तेव्हा मूळ एलसी मोठ्या बँकेत आणि देशांतर्गत एलसी सहकारी बँकेत, अशी जोडणी रिझर्व्ह बँकेकडून करून घ्यावी लागेल. कापडाच्या वापराचा दाखला देण्याचे काम पीडेक्सिलकडे, म्हणजे यंत्रमाग विकास व निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे, सोपवता येईल. आणि घट किती धरायची, ३ टक्के की ५, हा आकडा प्रत्येक जातीच्या मागावर महिनाभर चिंध्या आणि तुकडे प्रत्यक्ष तोलून ठरवावा. तो कमी धरला तर पहिल्याच वर्षी निम्म्या संस्थांवर नोटिसा निघतील. जास्त धरला तर उरलेले कापड इथल्याच पेठेत उतरेल.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी